बाकावरच्या दोघी आणि एकच नाव

बडोद्यात मांडवीच्या बाजारात मी ब्लाउजपीस बघत होते, तेवढ्यात मुलाच्या मित्राचा फोन आला. "काकू, समीरची स्कूटर घसरली. आम्ही त्याला दवाखान्यात आणलंय. तुम्ही लगेच या." रिक्षात बसून मी नवऱ्याला फोन लावत राहिले. तो कारखान्यात ड्यूटीवर, फोन बाहेर लॉकरमध्ये.

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर साधारण माझ्याच वयाची एक बाई बसली होती. अंगात बुरखा, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. मी शेजारी बसले.

दार उघडून नर्सने विचारलं, "समीरनी मम्मी कोण?"

आम्ही दोघी एकदम उभ्या राहिलो.

"पग कापवो पडशे. अहीं सही करो."

जन्म बडोद्यात गेलाय माझा, पण त्या क्षणी मला गुजराती कळेना. "कुठला पाय?" असं काहीतरी वेड्यासारखं मी मराठीतच विचारलं. त्या बाईने माझं मनगट घट्ट धरलं.

"किसका समीर?" ती ओरडली. "बाप का नाम बोलो!"

नर्सने कागदावर बघून नाव वाचलं. माझ्या मनगटावरची पकड सुटली.

माझा नव्हता. छातीतला श्वास सुटला आणि त्याच वेळी ती बाई भिंतीला टेकत खाली बसली. मी तिला उठवलं, ती सही करत असताना कागद धरला.

मग नुसतं थांबणं. शेवटी तीच म्हणाली, "आपके में भी समीर रखते हैं?"

"माझे सासरे संस्कृत शिकवायचे," मी मोडक्या हिंदीत सांगितलं. "त्यांनी ठेवलं. समीर म्हणजे वारा."

ती माझ्याकडे वळली. "हवा? नहीं बहन, ये तो अरबी नाम है. रात को साथ बैठे, बातें करके दिल बहलाए, वो समीर. मेरे अब्बा ने रखा था."

वीस वर्षं दिवसातून शंभरदा मारलेली हाक, आणि ती दुसऱ्या एका भाषेतही आहे, वेगळ्याच अर्थाने, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"हमारी गली में आवाज़ दो तो तीन समीर निकलते हैं," ती म्हणाली.

"मुलाच्या वर्गातही तीन होते."

ती हसायला गेली आणि हुंदका फुटला.

माझ्या मुलाचा खांदा मोडला होता; चार-पाच दिवसांत तो घरी आला. तिच्या मुलाचा पाय गुडघ्याखाली गेला. महिनाभराने मी वाडी भागातलं तिचं घर शोधत गेले, तेव्हा तो खाटेवर पडून होता. आईने मी कोण ते सांगताच उठून बसला आणि म्हणाला, "आंटी, आपका समीर कैसा है?"

"अच्छा है," म्हणत मी खाटेच्या कडेला बसले.

आता त्याला कृत्रिम पाय बसवलाय. घराखालीच मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलंय त्याने. परवा गेले तेव्हा कठडा न धरता जिना उतरून दाखवत होता, आणि त्याची आई वरून शिव्या घालत होती.