मोगऱ्याच्या चहाची दुसरी खेप

आई मिरजेहून चंडीगडला आमच्याकडे आली ती हृदयाचं दुखणं घेऊनच. डॉक्टरांनी दूध-साखरेचा चहा बंद करून ग्रीन टी सांगितला. दिवसाला सहा कप उकळलेला चहा रिचवणारी बाई ती! पहिल्याच घोटाला तिनं नाक मुरडलं. "अगं, हे काय गवताचं पाणी? त्यापेक्षा उपाशी ठेव मला." जेवण तर जवळजवळ सुटलंच होतं. निदान एक कप तरी तिनं आवडीनं प्यावा, एवढंच मला हवं होतं.

नवऱ्याला मिळालेल्या एअर फोर्सच्या क्वार्टरपुढे मोगरा होता. इथले लोक त्याला मोतिया म्हणतात. मी सेक्टर सतरातून कांगड्याचा साधा ग्रीन टी आणला आणि त्याला मोगऱ्याचा वास लावायचं ठरवलं. कळ्या दुपारी, मिटलेल्या असतानाच तोडायच्या. संध्याकाळी त्या उमलायला लागल्या की खरा वास सुटतो. तेव्हा डब्यात चहाचा एक थर, फुलांचा एक थर असं रचायचं आणि वर फडकं बांधायचं. सकाळी फुलं वेचून टाकायची, ओलसर झालेली पत्ती मंद आचेवर कोरडी करायची, पुन्हा ताज्या कळ्या. असं पाच वेळा. कळ्या निवडायचं काम आईनं आपणहून घेतलं. "ही आज उमलेल, ही उद्या," असं ती नुसत्या बोटांनी सांगायची. मला ते कधी जमलं नाही.

डबा तिच्याच खोलीत होता, कारण मे महिन्याच्या त्या काहिलीत एसी तेवढ्याच खोलीत चालायचा. तिसऱ्या सकाळी फडकं सोडलं आणि बामाचा भपकारा आला. कोरडी पत्ती जवळचा कुठलाही वास ओढून घेते, हे मला माहीत होतं. पण आई रोज गुडघ्यांना बाम चोळते, हे काही डोक्यात आलं नाही. चूक माझीच. तरी माझं तोंड सुटलं की सुटलंच. "काय केलंस गं आई! तीन दिवसांची मेहनत पाण्यात. तुझा तो बाम जरा आवर की!"

एरवी एकाला चार सुनावणारी बाई, पण नुसती बोटं पदराला पुसत राहिली. मी सगळा चहा मोगऱ्याच्या आळ्यात ओतला.

दुसरी खेप मात्र साधली. पाचही वेळा फुलं घातली, वास अगदी निर्मळ. आईनं कप संपवला, म्हणाली, "बरा झालाय हो. अजून अर्धा दे." मी हुरळून गेले. त्या दिवसांत ती पलंगाची कड धरून उठायची, कूस बदलताना कण्हायची. मला वाटलं, आजारपणच ते.

जुलैत ती गेली. तिचं कपाट आवरताना साड्यांच्या घडीखाली बामाच्या दोन बाटल्या सापडल्या. एक मी त्या प्रकारानंतर मेमध्येच आणलेली, दुसरी जूनमध्ये. दोन्हींचं सील तसंच होतं.

मी स्वतःला नाही नाही ते बोलले. आता काय उपयोग?

डबा अजून अर्धा भरलेला आहे. उघडला की नुसता मोगरा येतो. त्या बामाच्या वासासाठी मी आज काय वाटेल ते देईन, पण तो चहा मी मातीत ओतला.