समासातून आत आलेली ओळ

घरात तिला सगळे 'पंडितबाई' म्हणत. हे बारसं थोरल्या भावानं केलं. तो पंखे-मिक्सर दुरुस्त करी. बहीण दिवसभर आरंभकाळातल्या ख्रिस्ती लोकांची पत्रं वाचते, हे काही त्याच्या पचनी पडत नसे.

"दुसऱ्यांची पत्रं वाचू नयेत, असं आईनं शिकवलं ना गं?"

"ज्यांची आहेत ते रागवायला येत नाहीत, दादा."

"आणि तुझे सर? तेही वाचतातच ना!"

सर म्हणजे तिच्या प्रबंधाचे मार्गदर्शक. सरांचं नाव झालं होतं ते एका पत्रातल्या एका वाक्यावर: 'हे मी माझ्या गुरूच्या तोंडून ऐकलं.' तो गुरू म्हणजे येशूचा शिष्यच, म्हणून पत्र फार जुनं, असं सरांनी तरुणपणी मांडलं. तिचा प्रबंधही त्याच खांबावर उभा होता. आता तो फक्त सादर करायचा राहिला होता.

शेवटची खात्री म्हणून ती ग्रंथालयात गेली. सरांनी वापरलेल्या प्रतीहून जुनी, त्याच पत्राची एक हस्तलिखित प्रत तिथल्या पेटीत नुकतीच सापडली होती. फोमच्या उशीवर ठेवलेली पानं तिनं हलक्या हातानं उलटली आणि ती एका पानावर थांबली. ते वाक्य मजकुरात नव्हतंच. बाजूच्या समासात, वेगळ्या शाईत, वेगळ्या हातानं लिहिलेलं होतं. वाचता वाचता कुणा शिष्याला आपल्या गुरूची आठवण झाली आणि त्यानं ती तिथं टिपली. पुढच्या नकलकाराला वाटलं, ओळ राहून गेली होती. त्यानं ती आत घेतली. म्हणजे पत्र जुनं ठरवणारं वाक्य पत्रलेखकाचं नव्हतंच.

झाकली मूठ सव्वा लाखाची. ती बोलली नसती तर पदवी हातात होती. दुसऱ्या दिवशी तिनं सरांच्या टेबलावर त्या पानाचा फोटो ठेवला.

सरांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. 

"तुझं एक वर्ष तरी वाढणार, पोरी."

"हो सर."

"आणि माझं तर सगळं तारुण्यच गेलं म्हणायचं." ते कसंनुसं हसले. मग फळीवरून स्वतःचं पुस्तक काढून त्या वाक्याशेजारी पेन्सिलनं लिहू लागले: 'चूक. हे मला माझ्या विद्यार्थिनीनं दाखवलं.'

तिला भरून आलं. तरी तोंडून निघालंच, "समासात नका लिहू, सर. पुढचा कुणीतरी आत घेईल."

सर खदखदून हसले. पेन्सिल मात्र थांबली नाही.