माह्या तोंडातला ऑ

शाळेच्या मोठ्या मॅडमनं माही हनुवटी दोन बोटानं धरली. दुसरीच्या लेकरायसमोर. मी त्यायची टीचर, अन् मलेच फळ्यापाशी उभं केलं.

"तोंड गोल कर. अजून गोल. कॉलेज. ऑ, ऑ!"

"कालेज," मी म्हटलं.

लेकरं खदखदा हासले. मॅडमबी हासल्या. मंग हळूच म्हणे, "तुमच्याकडे घरी कोणी इंग्लिश बोलत नाही ना, म्हणून होतं असं."

तुमच्याकडे. म्हणजे कोणाकडे? माह्या पातूर गावाकडे? का आमच्या बुद्धविहारामागच्या गल्लीकडे? अकोल्याच्या या इंग्लिश मीडियम शाळेत नोकरी लागली, तवा मॅडमनं आडनाव दोनदा विचारलं होतं. मले तवाच खटकलं होतं.

त्याच दिवशी वाचनाचा तास काढून घेतला. मले डबे उघडून द्याचं, नाकं पुसाचं काम दिलं. "उच्चार सुधारला की देऊ परत," म्हणे. बरं बाप्पा. घरी आरशापुढं ओठ गोल करकरून जबडा दुखाले लागला. माय म्हणे, "काहून वं, दाढ दुखून राहिली का?" मले हासूबी आलं अन् रडूबी. पण ऑ जमला. मोबाइलवर ऐकून ऐकून पक्का केला. मॅडमले म्हणून दाखवला, तर मान वर न करताच म्हणे, "नाही अजून." ऐकलं तरी का?

तवापासून माहा कोणावरच भरोसा नाई. कोणी चहा पुढं केला तरी वाटते, आता काय काढून घेतात?

आज पालकायची सभा होती. पहिलीच्या देशमुख मॅडम माइकवर बोलल्या. कालेज, डाक्टर, हालमधी बसा. सगळं माह्यासारखंच. मी मोठ्या मॅडमच्या तोंडाकडे पाहून राहिली. त्या पालकायले म्हणे, "आमच्या वऱ्हाडाचा गोडवा बरं का हा!"

गोडवा! माह्या तोंडात रोग, अन् त्यायच्या तोंडात गोडवा. तवा डोक्यात उजेड पडला. खोट माह्या जबड्यात नव्हतीच.

सभा उठाच्या आधी मॅडमनं मले हाक मारली. "ये गं, उच्चारांवर आम्ही शिक्षकांकडून किती मेहनत करून घेतो, दाखवू पालकांना. म्हण, कॉलेज."

मी उठली, पण जागीच उभी राहिली.

"मॅडम, अगुदर देशमुख मॅडमले उभं करा. मंग मी येते."

देशमुख मॅडम खाली पाहाले लागल्या. मॅडम दातओठ खाऊन म्हणे, "उद्यापासून येऊ नको."

उद्या मी जाणार हाय. दुसरीच्या दाराशी उभी राहीन. वाचनाचा तास मलेच पाहिजे. काढाचं असन तर काढा, पण कारण त्याच लेकरायसमोर सांगा. उच्चाराचं कारण मी ऐकून घेणार नाई. आडनाव असन, तर आडनाव म्हणा.