अर्धलीने दिलेला नातू

महाडच्या आमच्या शाळेत आठवीच्या प्रवेशपरीक्षेला दर वर्षी तीनशेच्या आसपास मुलं बसतात आणि आम्ही चाळीस घेतो. मी विज्ञान शिकवते आणि अकरा वर्षं निवड समितीवर आहे. एवढ्या काळात पालक नावाच्या प्राण्याचे सगळे प्रकार माझे बघून झालेत. डॉक्टर येतात, वकील येतात, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे साहेब येतात, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरले की सगळ्यांच्या तोंडात साखर. शाळेबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा म्हटलं, तर कुणी विचारत नाही. न जाणो, साहेबांना राग आला आणि मुलाचा नंबर गेला तर काय घ्या. उलटतपासणी करणारे एकच भेटले, ते आबाजी.

आबाजी पोलादपूर तालुक्यातले. आंबेनळी घाटात एका वळणावर एसटीतून उतरायचं आणि दीड तास चढायचं, तेव्हा त्यांची वाडी लागते. सतरा घरं आणि माणसांच्या तिप्पट गुरं. त्यांचा नातू किरण रोज तो डोंगर उतरून खालच्या गावात सातवीपर्यंत शिकला आणि आमच्या परीक्षेत त्याने गणितात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळवले. उरलेले दोन का गेले, हे विचारायला तो आपणहून माझ्याकडे आला होता. त्याचा बाप कड्यावरून पडून गेला तेव्हा तो चार वर्षांचा होता. आई, सुरेखा, दोन दिवस माहेरी जाऊन येते म्हणून गेली आणि तिकडेच तिचं दुसरं लग्न झालं. मी तिला नावं ठेवत नाही, बावीस वर्षांची पोर ती. पण किरणला वाढवलं ते आजोबांनी, एकट्याने.

मुलाखतीत मुख्याध्यापकांनी ठरलेला प्रश्न विचारला, मुलाकडून तुमच्या अपेक्षा काय. बाकीचे पालक इथे इंजिनियरपासून कलेक्टरपर्यंत सगळं सांगून मोकळे होतात. आबाजींनी उलट विचारलं, शाळा सुटल्यावर पोरं कुठं जातात. घरी जातात, मुख्याध्यापक म्हणाले. समदी? सगळी, आमच्याकडे वसतिगृह नाही. आबाजींनी मान हलवली आणि ते उठले. त्यांच्या बाजूने मुलाखत संपली होती. दार लागल्यावर आम्ही दोघं हसलो, आणि त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

किरणला दुसरीही एक जागा मिळाली होती, लांबच्या एका निवासी शाळेत. राहणं, जेवण, पुस्तकं, कपडे, सगळं फुकट. आमची शाळा म्हणजे दिवसाची शाळा, आणि नियम असा की मुलगा गावातल्या एखाद्या कुटुंबात राहिला पाहिजे, खोली घेऊन एकटा चालणार नाही. महाडात आबाजींचं काळं कुत्रंही ओळखीचं नव्हतं. किरणच्या गुरुजींनी त्यांना निवासी शाळा घ्या म्हणून सांगितलं, मीही तेच सांगितलं. आबाजी ती शाळा एक अख्खा दिवस बघून आले होते.

"झ्याक हाय शाळा," ते मला म्हणाले. "जेवान बी झ्याक. पन तिकडं पोरं मोजतात, बाय, कोन बगत नाय. दिस बुडताना पोरानं घरात शिरलं पायजे. कोनाचं का घर असंना."

मग एक पाऊल पुढे येऊन त्यांनी विचारलं, तुमचा मुलगा पुण्याला गेलाय असं कळलं, तर किरणला अर्धलीनं ठेवता का.

अर्धलीने म्हणजे निम्म्या वाट्याने. आपली कालवड दुसऱ्याच्या गोठ्यात पोसायला द्यायची, चारापाणी त्याने करायचं आणि ती व्यायली की येणारं निम्मं-निम्मं. वरच्या वाड्यांमध्ये हा व्यवहार तोंडी होतो आणि सहसा कुणी शब्द फिरवत नाही. मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय, म्हणून मीही हो म्हटलं आणि शिक्षकांच्या खोलीत तो किस्सा रंगवून सांगितला. घरी माझे यजमान गंगाधर कोर्टात कारकून आहेत आणि पुराव्याशिवाय हसत नाहीत. ते म्हणाले, मुकुलची खोली रिकामीच आहे, येऊ दे पोराला. जूनमध्ये किरण आमच्याकडे आला.

आता एक गोष्ट मला पुढे वर्षभराने कळली, ती तुम्हाला आधीच सांगून टाकते, म्हणजे मी आबाजींना जी दूषणं दिली ती तुम्ही देणार नाही. अर्धलीने दिलेल्या जनावराला जुन्या धन्याने पहिलं वर्षभर तोंड दाखवायचं नसतं. आवाजही ऐकू द्यायचा नाही, जुन्या गोठ्यातला चारा पाठवायचा नाही. धन्याची चाहूल लागली की जनावर नव्या गव्हाणीला तोंड लावत नाही, दावं ओढत राहतं आणि झुरतं. आबाजींनी आयुष्यात चाळीसेक जनावरं अशी दिली होती आणि एकही वाया गेलं नव्हतं. नातवाला त्यांनी तोच नियम लावला. आम्हाला तो सांगावा असं त्यांच्या मनातही आलं नाही, कारण अर्धलीचा हा नियम माहीत नसलेला माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता. आणि किरणला सांगितलं असतं तर तो दिवस मोजत बसला असता.

आम्हाला दिसलं ते एवढंच, की आबाजी नातवाला दारात सोडून गेले आणि त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. श्रावण गेला, गणपती गेले, आबाजींचा पत्ता नाही. मूठभर नाचणीसुद्धा कुणाच्या हाती आली नाही. फोन मात्र यायचा, पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी अकराच्या सुमाराला, किरण वर्गात आणि मला मोकळा तास असताना. वाडीवर एका खडकावर उभं राहिलं तरच रेंज मिळते, तिथून ते बोलायचे. खातंय का, झोपतंय का, डोळा निवळ हाय ना. संध्याकाळी करा, किरणशी बोला, असं मी म्हटलं की 'नको' म्हणून फोन बंद. माझ्या तर अंगाचा तिळपापड व्हायचा. सुरुवातीला मी किरणला सांगायचे, तुझ्या आजोबांचा फोन होता. तो विचारायचा, माझ्याशी बोलायचं म्हणाला का? तीन वेळा मला नाही म्हणावं लागलं. चौथ्या वेळेपासून मी फोनचं सांगणंच सोडून दिलं. मुलाचं दुःख वाचवतेय अशी माझी समजूत होती.

वसुबारसेच्या दिवशी किरणने स्वतःच पिशवी भरली आणि तो पायरीवर जाऊन बसला. वाडीवर त्या दिवशी गाईवासरांची पूजा असते आणि सगळी माणसं घरी परततात, हे त्यानेच मला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशीही तो बसला, तिसऱ्या दिवशीही. गंगाधर म्हणाले, आपणच त्याला वर सोडून येऊ. मी म्हटलं, ज्यांचं पोर आहे त्यांना गरज नाही, तर आपण कशाला नाक मुठीत धरून जायचं? माझ्या नाकावरच्या रागाने त्या मुलाची दिवाळी घालवली, हे मला कबूल केलंच पाहिजे.

पाडव्याच्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला. मी चकल्या डब्यात भरत होते.

"बाई," तो म्हणाला, "आजानं मला तुम्हाला देऊन टाकलंय का?"

त्या वेळी मी त्याला जवळ घ्यायला हवं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, असल्या माणसाची वाट बघू नये, तू तुझ्या अभ्यासाचं बघ. खोलीत जाऊन त्याने पिशवीतले कपडे कपाटात लावले, घड्या घालून. त्यानंतर 'आजा' हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नाही.

अभ्यासाचं मात्र त्याने बघितलं. सहामाहीला पहिला, वार्षिकला पहिला. संस्थेचे लोक आले की मुख्याध्यापक त्याला बोलावून उभा करायचे. त्याच्या बोलण्यातलं 'हाय' आणि 'नाय' गेलं, जेवताना तो ताटाभोवती पाणी सांडेनासा झाला, आणि माझा ऊर भरून यायचा. दिवाळीत विचारलेला प्रश्न त्याच्या पोटात तसाच होता, हे मला कळत होतं. पण तो विषय काढला तर मीच काय बोलले होते ते निघालं असतं, म्हणून मी गप्प राहिले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी आबाजी आले. धुतलेला सदरा, हातात तुपाचा डबा. किरण टेबलाशी गणितं सोडवत होता. आबाजी दारातूनच म्हणाले, चल, घरी जाऊ, सुट्टी हाय ना आता. किरणने मान वर केली नाही. मी इथेच राहतो, माझा अभ्यास आहे, असं तो वहीकडे बघत म्हणाला.

आबाजींचा चेहरा एकदम उजळला. ते मला बाजूला घेऊन ओटीवर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "रुळला, बाय. ब्येस रुळला."

आणि तिथे उभ्या उभ्या त्यांनी मला अर्धलीचा तो सगळा नियम सांगितला. पहिलं वर्ष कसं कठीण असतं, धन्यानेच मन घट्ट करायचं असतं, आता काळजीचं कारण नाही. बोलता बोलता ते वहाणा घालत होते. वहाण समोर होती, पण त्यांचा पाय तिच्यात जाईना. दोनदा अंगठा बाहेरच राहिला.

मला राग आला. त्यांचा आला, माझाही आला. मी म्हणाले, "तो रुळलेला नाही, आबाजी. त्याला वाटतंय तुम्ही त्याला टाकलंत, आईने टाकलं तसं. आणि दिवाळीत त्याने मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले नाही."

आबाजी पायरीवर बसले. समोरून दुधाची गाडी गेली, शाळेतली दोन मुलं मला नमस्कार करून गेली, तरी ते तसेच. मग म्हणाले, जनावराचं मला कळतं, मानसाचं नाय कळलं. एवढं बोलून ते उठले आणि आत जाऊन किरणच्या टेबलाजवळ उभे राहिले. मी दारात थांबले. खरं तर तिथून जायला हवं होतं, पण पाय निघेना.

"म्या येत व्हतो," आबाजी म्हणाले.

किरण लिहीतच होता.

"पेंड न्यायला महाडात येयाचो तवा. पाच वाजता तुमच्या शाळेच्या फाटकासमोर, रिक्षांच्या मागं उभा ऱ्हायचो. नागपंचमीच्या हप्त्यात तुजा डावा पाय लचकला व्हता. तीन दिस लंगडलास. तुळशीच्या लग्नानंतर तुला चष्मा लागला. पयलं पयलं फाटकाभायेर आलास का काढून खिशात ठेवायचास. मंग एक दिस ठेवला नायस. मला बरं वाटलं."

पाय लचकल्याचं मला माहीत नव्हतं. तो माझ्या घरात राहत होता, माझ्या हातचं जेवत होता, माझ्याबरोबर शाळेत चालत येत होता, आणि तीन दिवस तो लंगडत होता हे मला दिसलं नव्हतं. शाळा पाचला सुटते. त्यानंतरची गाडी धरून घाटात उतरायचं म्हणजे पुढचा दीड तास पेंडीचं पोतं डोक्यावर घेऊन अंधारात चढायचं, हेही मी त्या क्षणी मनात हिशेब केला तेव्हा कळलं.

किरणने पेन खाली ठेवलं. चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसला. काच कधीच स्वच्छ झाली होती, तरी पुसत होता.

"मग हाक का नाय मारलीस?" त्याने विचारलं.

"हाक मारली आस्ती," आबाजी म्हणाले, "तर तू आला आस्तास."

किरणने वही मिटली. तो कपाटाकडे गेला आणि पिशवी काढून एक एक कपडा तिच्यात ठेवू लागला. किती दिवसांचे भरतोस, हे विचारायचा मला धीर झाला नाही.