काळा दगड चुकीच्या पारड्यात

पारडं खाली गेलं, पण भलत्याच बाजूचं.

घोटीजवळच्या एका शाळेत भूगोल दालनाचं उद्घाटन होतं. मॉडेल्स माझी, शाळांसाठी ती बनवणं हाच माझा व्यवसाय. नव्या शिक्षिका पवार मॅडम पालकांना समजावत होत्या, "महासागराच्या तळाचं कवच जमिनीच्या कवचापेक्षा पातळ, पण जड. म्हणून दोन्ही भिडली की तेच खाली जातं. बघा हं." त्यांनी सारख्या आकाराचे दोन ठोकळे तराजूत ठेवले. 'जमीन' लेबलचा काळा खाली गेला. 'महासागर' लेबलचा गुलाबी वर.

"मॅडम, समुद्र वर आला की वो!" एक पालक ओरडले. हशा पिकला.

मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. "पवार मॅडम, आधी करून बघायला नको? पाहुण्यांसमोर शोभा झाली."

मॅडमची नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि ती याच सरांच्या शेऱ्यावर. मला ते माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइल चाळू लागले.

कारण डिझाइन अप्रूव्ह करताना त्यांनी विचारलं होतं, "ताई, महासागराचं कवच बेसॉल्टचं, म्हणजे काळ्या दगडाचं ना? लेबलं उलटी तर नाहीत?"

"अहो मॅडम, नाशकात कुठंही खणा, काळाच दगड लागतो. आपण काय समुद्रात राहतो?" मी म्हणाले. सर खो-खो हसले, मीही हसले. लेबलं तशीच राहिली.

आपला काळा दगड बेसॉल्टच, पण तो लाव्हा जमिनीवर पसरून झालेला थर. त्याच्याखाली खंडाचं हलकं, ग्रॅनाइटसारखं कवच असतंच; गुलाबी ठोकळा त्याचाच. पाण्याची घनता एक धरली तर ग्रॅनाइटची साधारण २.७, बेसॉल्टची ३, दोन्हींच्या खालच्या प्रावरणाची ३.३ च्या आसपास. गाभा तर त्याहून कितीतरी जड. हे सगळं माझ्याच माहितीफलकावर छापलेलं होतं. डिलिव्हरीआधी मी रंग, स्क्रू, लेबलं, सगळ्यावर टिक केली होती. तराजूसुद्धा तपासला होता. रिकामा.

"सॉरी सर, माझं लक्ष..." मॅडम म्हणाल्या.

तेव्हा कुठं मी उठले. "सर, चूक माझी. लेबलं मी उलटी लावली. मॅडमनी विचारलं होतं."

"कधी विचारलं होतं?"

"आपण दोघं हसलो होतो, तेव्हा."

सरांनी घसा खाकरला. "चला, चहा घेऊया."

पाहुणे गेल्यावर मी लेबलं बदलली. मॅडमनी ठोकळे धरले. पुन्हा वजन केलं. या वेळी महासागर खाली गेला. सर येऊन बघून गेले, "शेऱ्यात हे काही लिहीत नाही" म्हणाले. मला हायसं वाटलं, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "ताई, उठलात ते बरं केलंत. पण मी सरांची माफी मागितल्यावर उठलात."

मी चेकलिस्ट बाहेर काढली.

आता माझ्या चेकलिस्टमध्ये सगळ्यात वर एक ओळ आहे: कुणी शंका काढली, तर आधी वजन करा. हसायचंच असेल तर नंतर.