शेवंतीची मान

हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. कितीदा जिभेवर आलं — आणि दरवेळी मी दुसरंच काहीतरी बोललो.

सोलापूरजवळ माझं शेत आहे. घोड्यांचा नाद वडिलांपासूनचा. शेवंती ही घोडी माझ्याच तबेल्यात जन्मली. लोक म्हणायचे, ह्यांच्या दावणीचं जनावर डोळे झाकून घ्यावं. ते ऐकायला मला आवडायचं — फारच.

एका उन्हाळ्यात ती मान झटकू लागली. नाकात माशी शिरावी तसं डोकं एकदम वर, मग खाली; चालता चालता थांबून पुढच्या पायावर नाक घासायची. माशी कुठंच नव्हती. डॉक्टरांनी दात, कान, डोळे, लगाम सगळं तपासलं. म्हणाले, तोंडाच्या शिरेचं दुखणं दिसतंय. थंडीत शांत होईल, ऊन तापलं की परत येईल. नाकावर बांधायला एक जाळी दिली; तिनं पुष्कळ आराम पडायचा. निघताना म्हणाले, "विकलीत तर सांगून विका. बसणाऱ्याच्या तोंडावर डोकं आदळेल."

सांगून विकायची — म्हणजे माझ्या दावणीत दुखणं आहे हे गावभर करायचं? आणि ठेवायची, तर येणाराजाणारा जाळी बघून विचारणारच की. पैशाची अडचण होती म्हणावं, तर तीही नव्हती.

मी थंडीची वाट पाहिली.

अक्कलकोटकडचे मल्लिनाथअण्णा मुलीला घेऊन आले. गौरी कॉलेजात होती, घोड्यावर बसण्याचं वेड असलेली. त्यांना मी मुद्दाम दिवस कलल्यावर बोलावलं होतं. जाळी आधीच पेंडीच्या पोत्यामागं टाकली होती. शेवंती अशी डौलात चालली, की गौरीचा चेहरा — तो अजून दिसतो मला.

"दादा, काय खोड हाय का हिला?" अण्णांनी विचारलं.

"न्हाय. घरची हाय ती माझ्या."

एवढंच असतं, तर मन कसंतरी दाबून टाकलं असतं. पण चैत्रात गौरीचा फोन आला.

"काका, ती मान लई झटकती. तुमच्याकडं असं करायची का?"

जाळीचं एक वाक्य पुरलं असतं. पोरगी वाचली असती, घोडीला आराम पडला असता. मी काय बोललो? "माझ्याकडं कधीच न्हाय. तुझा हात जड पडत असंल. लगाम सैल सोड." वर समजुतीच्या सुरात.

तिनं ते खरं मानलं. हात हलका व्हावा म्हणून भर उन्हात सराव करत राहिली. एक दिवस शेवंतीचं डोकं तिच्या तोंडावर आदळलं. नाकाचं हाड मोडलं, पुढचा दात गेला.

पुढं अण्णा मला सोलापुरात, मार्केट यार्डाच्या फाटकाशी भेटले. वाटलं, आता गचांडी धरणार. त्यांनी हात जोडले.

"दादा, तुमची सोन्यासारखी घोडी आमी बिघडवली. पोरगीच म्हणती, माझा हात वंगाळ. आता बसणार न्हाय म्हणती."

तेव्हा तरी? नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "असू द्या अण्णा. होतं असं." माफ केलं मी त्यांना. मी — त्यांना.

घोडी विकून टाका, असंही सुचवलं. अण्णा माझ्याकडं बघतच राहिले. "खोडीचं जनावर दुसऱ्याच्या गळ्यात कसं मारायचं, दादा?" ती दावणीलाच असते, म्हणाले, ऊन चढलं की भिंतीवर नाक घासती, रक्त येईस्तोवर. हे ऐकूनही मी जाळीचं बोललो नाही.

गौरी दर दिवाळीला फोन करते. यंदाही केला. काकूंची तब्येत विचारली, नव्या नोकरीचं सांगितलं. घोड्यांचा विषय तिनं काढला नाही. मीही नाही.