शकुनाचे दोन युरो

आयर्लंडमधल्या क्लूनकीन गावच्या बायकांचे केस कापता कापता डिम्फनाची अठ्ठावीस वर्षं उभ्यानेच गेली. दुकान स्वतःचं, म्हणजे म्हातारपणाची सोयही स्वतःच बघायची. सरकारी पेन्शनमध्ये चहापाव भागेल, पण घर काही गरम राहायचं नाही. म्हणून महिन्याला दोनशे युरो, वीस वर्षं बाजूला टाकायचे हे तिनं पक्कं केलं. कुणाकडे, एवढंच ठरायचं होतं. आणि तिथेच चुकलं तर म्हातारपणी कुडकुडत निस्तरायचं.

शेजारचा कॉलम पेन्शनच्या योजना विकायचा. मंगळवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून तो आला. खुर्चीत फक्त डिम्फनाचे वडील, मॅलकी, केस कापून घेत बसलेले. सगळा जन्म गुरांच्या व्यापारात गेलेला माणूस.

"ताई, ती गॉलवेची कंपनी शंभरातले चार आधीच कापते," कॉलम म्हणाला. "आम्ही उलट दोन घालतो. शंभर द्या, खात्यात एकशे दोन!"

डिम्फना हरखली. गाय विकली की घेणाऱ्याच्या हातावर शकुनाचे पैसे परत ठेवायचे, हे बघतच ती वाढलेली. "बघा बाबा, मन मोठं आहे हो पोराचं!" म्हणत तिनं पेन उचललं.

"ठेव ते खाली," मॅलकी म्हणाले. "मी न मागता शकुनाचे पैसे दिले ते एकदाच. ती गाय लंगडी होती. काय रे कॉलम, तुझी कुठल्या पायाने लंगडते?"

कॉलम खोकला. "वर्षाला थोडं घेतो, काका. दीड टक्का."

"त्या वर्षी भरलेल्यावर?"

"नाही... साठलेल्या सगळ्यावर."

डिम्फनानं गॉलवेचा कागद काढला. तिथे वर्षाला अर्धा टक्का. म्हणजे साठ हजार साठले की तिथे वर्षाला तीनशे जाणार, कॉलमकडे नऊशे.

"अरे लबाडा! हातावर दोन ठेवतोस आणि दरवर्षी मागच्या दारानं बादली भरून नेतोस? तुझे दोन तुलाच राहू देत. वर्षाचं खाली आण, नाहीतर मी गॉलवेला चालले."

कॉलम बाहेर जाऊन साहेबांशी फोनवर बराच वेळ हुज्जत घालून आला. शंभराचे शंभर खात्यात, वर्षाला पाऊण टक्का. डिम्फनानं वीस वर्षांचा हिशोब नव्यानं मांडला, दोनदा ताडून पाहिला. गॉलवेपेक्षा हजारभर जास्तच हातात पडत होते. मग तिनं सही केली.

"ताई, मी इतका खाली उतरलो ते माझ्या आईला सांगू नका हं. तिला मी दीड टक्क्याचीच योजना विकलीय."

"मी कशाला सांगू? पण चारला ती केस धुवायला येतेय."

"मला काही घाई नाही," खुर्चीतून मॅलकी म्हणाले.